विनाथांबा

बोरजाई फाट्यावरच्या बायकांच्या मुतारीला चार भिंती उभ्या राहिल्या, त्या दिवशी संजीवनी बिराजदारने सगळ्या डेपोत पेढे वाटले. तिथंच तिचं चुकलं. छप्पर चढल्याशिवाय पेढे वाटू नयेत, हे घर बांधणाऱ्या कोणालाही कळतं. पण अर्धं आयुष्य एकाच मागणीसाठी भांडलेल्या बाईला चार भिंतीसुद्धा राजवाड्यासारख्या दिसतात, त्याला कोण काय करणार?

संजीवनी ही ‘वेगवती परिवहन’ या कंपनीची चालक. लातूर ते संभाजीनगर अशी तिची गाडी. गाड्या विजेवर आल्या, तिकिटं फोनवर गेली, वाहक हे पदच उरलं नाही. बायका कमी अपघात करतात असं कंपनीच्या कुठल्याशा पाहणीत निघालं आणि चालकांच्या भरतीत बायकांची रांग लागली. इथपर्यंत सगळं छान. फक्त बाई चालक झाली तरी तिला लघवी लागते, एवढी एक गोष्ट त्या पाहणीत कुणी लिहिली नव्हती. पुरुष चालक गाडी थांबवतो, टायरच्या आडोशाला उभा राहतो, येऊन बसतो आणि वर तंबाखू मळतो. बाईने काय करायचं?

बाईने तेच केलं जे तिच्या आईने आणि आजीने केलं होतं. पाणी पिणं सोडलं. ‘लांब जायचंय, पाणी पिऊ नको,’ हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक पोरीने शाळेच्या पहिल्या सहलीला ऐकलेलं असतं. गाडी विजेवर आली तरी ते वाक्य काही बदललं नाही. डेपोतल्या बायका ड्युटीच्या आधी घोटभर चहा घ्यायच्या आणि थेट रात्री घरी जाऊन तांब्या तोंडाला लावायच्या. मधल्या वेळात ओठ चाटायच्या.

संजीवनीने त्यावर अर्ज केले, धरणं धरलं, मुंबईपर्यंत जाऊन आली. शेवटी निम्म्या वाटेवरच्या बोरजाई फाट्यावर गाड्या थांबतात तिथं बायकांसाठी मुतारी मंजूर झाली. भिंती झाल्या. पेढे झाले. आणि छपराचे पत्रे यायच्या आधी कंपनीने पुण्याहून एक तरुण डॉक्टर पाठवला. त्याच्या पेटीत तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी अशी एक वस्तू होती.

डेपोच्या हॉलमध्ये सगळ्या बायकांना बसवून त्याने पडद्यावर चित्र लावलं. पोरगा तसा नम्र होता आणि समजावून सांगायची हौसही होती. त्याने सांगितलं ते असं.

आपल्या पाठीत, शेवटच्या फासळ्यांच्या आड, मणक्याच्या दोन्ही अंगांना मुठीएवढी दोन मूत्रपिंडं असतात. उजवं जरा खाली, कारण त्याच्या डोक्यावर यकृत ठाण मांडून बसलेलं. प्रत्येकात सुमारे दहा लाख गाळण्या. प्रत्येक गाळणीच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. रक्ताच्या दाबाने त्यातून पाणी, क्षार, साखर, युरिया असं सगळं बाहेर ढकललं जातं. रक्तपेशी आणि प्रथिनं तेवढी आत राहतात. असं दिवसाकाठी दीडशे लिटरांच्या वर पाणी गाळलं जातं. ते सगळं फेकून दिलं तर माणूस जेवणाच्या वेळेपर्यंत सुकून जाईल. म्हणून गाळणीला जोडलेली एक वळणावळणाची नळी त्यातलं जे जे कामाचं, ते जवळजवळ सगळं परत रक्तात घेते. उरतं ते लिटर-दोन लिटर. तीच लघवी.

“म्हंजे दिवाळीच्या साफसफाईवानी,” मागून कुणी तरी म्हणालं. “समदं अंगणात काढायचं अन् हवं ते परत आत न्यायचं.”

“अगदी तसंच,” डॉक्टर खूश झाला.

मग तो खाली उतरला. म्हणजे चित्रात. दोन्ही मूत्रपिंडांतून दोन नळ्या मूत्राशयाकडे जातात. त्या नुसत्या पन्हाळी नाहीत. त्यांचे स्नायू वरून खाली आवळत जातात आणि लघवी थोडी थोडी पुढे ढकलतात. मूत्राशयाच्या भिंतीतून त्या तिरक्या आत शिरतात, त्यामुळे पिशवी भरली की त्यांची तोंडं दाबली जातात आणि लघवी सहसा उलटी वर चढत नाही. पिशवी ताणली की तिच्या भिंतीतले मज्जातंतू कण्याच्या तळाशी निरोप धाडतात, तिथून तो मेंदूला पोचतो, आणि आपण चुळबूळ करायला लागतो. खालच्या तोंडाला दोन झडपा. आतली आपलं ऐकत नाही, बाहेरची ऐकते. माणूस लघवी धरून ठेवतो तो या बाहेरच्या झडपेच्या जोरावर.

“आणि आम्ही काय केलंय,” डॉक्टर म्हणाला, “तर हा दाणा त्या मज्जातंतूच्या शेजारी बसवतो. पिशवी अर्ध्या लिटरच्या जवळपास भरेपर्यंत तो निरोप वर जाऊच देत नाही. भरली, की मनगटावर बांधायची ही हिरवी पट्टी थरथरेल आणि लाल होईल. तोपर्यंत निश्चिंत.”

त्या वस्तूचं नावच ‘निश्चिंत’ होतं. डेपोतल्या बायकांनी ते पहिल्याच दिवशी बदलून टाकलं. त्या म्हणायला लागल्या, कुलूप.

कुलूप सर्वांत आधी लावून घेतलं ते छाया मस्केने. छाया ही संजीवनीची चेली. तिला स्टिअरिंगवर हात ठेवायला शिकवलं ते संजीवनीने, घाटात गाडी सोडायला शिकवलं ते संजीवनीने, आणि छायाच्या सासूशी भांडून तिला नोकरीवर आणलं तेही संजीवनीनेच. त्यामुळे छाया पट्टी बांधून नाचत आली ते संजीवनीच्या फार जिव्हारी लागलं.

“ताई, तुम्हाला सांगते, लई झ्याक हाय. लातूर सोडलं ते पार संभाजीनगर आलं तरी काहीच न्हाई. डोकं कसं शांत.”

“अन् फाट्यावरच्या मुतारीचं काय गं?”

“लागतच न्हाई तर जायचं कशाला?”

“आज तुला लागंना. उद्या दुसरीला लागंल.”

“तिनं बी लावून घ्यावं की कुलूप.” छायाने हात झटकला. “ताई, राग नका मानू. पण तुमचं ते मोर्चे, निवेदनं… इतकी वर्षं झाली. काय मिळालं? चार भिंती. हे बगा, एका दिवसात काम झालं.”

वर्मावर बोट पडलं की माणूस फार वाईट बोलतो. ती म्हणाली, “तुला नोकरी लावली तिथंच माझं चुकलं.” झालं. दोघींचा अबोला सुरू झाला, तो एकाच डेपोत, एकाच बाकावर बसून, एकीने पूर्वेला आणि एकीने पश्चिमेला बघत चालू राहिला.

एकेक करत सगळ्यांनी कुलपं लावली. मग जे व्हायचं तेच झालं. चालकाला थांबायची गरज उरली नाही, तर गाडीने तरी का थांबावं? बोरजाई फाट्याचा थांबा वेळापत्रकातून गेला. गाड्यांच्या कपाळावर ‘विनाथांबा’ अशी पाटी झळकली. प्रवासाचा अर्धा तास वाचला म्हणून कंपनीने जाहिराती केल्या. गाडीतच शौचकूप बसवा, असं संजीवनीने सुचवून पाहिलं, तर त्यात चार आसनं जातात असं उत्तर आलं. फाट्यावरच्या चार भिंतींत शेजारच्या ढाबेवाल्याने कोंबड्या पाळल्या. आणि ज्या बाईच्या मनगटावर पट्टी नाही तिला विनाथांबा गाडी मिळणार नाही, असा आदेश निघाला. पट्टी नसलेली एकच बाई डेपोत होती. तिला गाड्या धुण्याच्या फलाटावर पाठवलं.

संजीवनीने तिथं काढता येतील तेवढे दिवस काढले. पण तिला गाडीचं वेड होतं. पाण्याचा पाइप हातात धरून दुसऱ्यांच्या गाड्या सुटताना बघणं तिला सोसवेना. घरी नवरा गुरनाथ म्हणाला, “अगं, साऱ्या गावानं लावलंय. तू एकटी आडमुठी कशाला होतीस?” तिने त्याच्यासमोर ताट आपटलं. आणि दुसऱ्या आठवड्यात जाऊन कुलूप लावून आली.

आता खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. पण गाडी चालवताना ओटीपोटात जी एक टोचणी सतत असायची, पुढचं गाव किती लांब आहे याचा जो हिशेब डोक्यात मागे सतत चालू असायचा, तो सगळा बंद झाला. रस्ता नुसता रस्ता राहिला. इतकं सुख आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं तिला वाटलं, आणि आपण हरलो याचा रागही त्या सुखात विरघळायला लागला.

अशात एकदा गाडी केज ओलांडून पुढे निघाली असताना मागच्या आसनावरची एक पोटुशी बाई आसनं धरत धरत पुढे आली. हळूच म्हणाली, “बाई, जरा थांबवता का गाडी? लई घाई झालीय.”

“विनाथांबा हाय गाडी. पाटी वाचली न्हाई का?” संजीवनी समोर बघत म्हणाली. “जरा दम धरावा माणसानं.”

ती बाई तशीच धरत धरत परत गेली. संजीवनी आणखी दोन गावं पुढे गेली आणि मग तिला आपलंच वाक्य ऐकू आलं. तिच्या आयुष्यात हेच वाक्य तिला किती अधिकाऱ्यांनी, किती कंडक्टरांनी, किती पुरुषांनी ऐकवलं होतं. तिने आरशात मागे पाहिलं. ती बाई पाय आवळून, डोळे मिटून, खिडकीच्या गजाला धरून बसली होती. संजीवनीने गाडी थांबवायला पाय ब्रेककडे नेला आणि मग आठवलं की थांबायचं तर कारण नोंदवावं लागतं, आणि प्रवाशाची लघवी हे कारण यादीत नाही. तिने गाडी थांबवली नाही. घरी जाऊन ती जेवली नाही, आणि का जेवत नाहीस ते गुरनाथला सांगितलंही नाही. स्वतःची इतकी लाज तिला पूर्वी कधी वाटली नव्हती.

त्यानंतर छाया आजारी पडली.

थंडी वाजून ताप आला, तेव्हा सगळ्यांना वाटलं मलेरिया. गोळ्या घेऊन तिने आणखी दोन फेऱ्या केल्या. मग पाठीत उजवीकडे अशी कळ उठली की तिला डेपोतून स्ट्रेचरवर नेलं. रक्तदाब खाली गेला होता. संजीवनी अबोला विसरून दवाखान्यात धावली. मूत्रविकारांच्या डॉक्टर आस्मा सौदागर या बाई मोजकं आणि स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी तिला बाहेर बाकावर बसवलं.

“उजव्या मूत्रपिंडात पू झालाय. काढला. बाई वाचेल. पण मूत्रपिंडाचा तेवढा भाग गेला तो गेला. त्या गाळण्या परत उगवत नाहीत.”

“पर अचानक कसं काय झालं, मॅडम? कुलूप… ते यंत्र बिघडलं का?”

“यंत्र ठणठणीत आहे.” डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. “त्यातच तर गोम आहे. ड्युटीवर ही पाणी किती पिते?”

“काहीच न्हाई. आम्ही कोणीच पीत न्हाई.”

“का? आता तर लघवी लागतच नव्हती ना?”

खरंच, का? हा प्रश्न डेपोत कुणालाच पडला नव्हता. कुलूप लावलं म्हणून कुणी पाणी प्यायला सुरुवात केली नव्हती. ड्युटीवर जायचं म्हणजे पाणी प्यायचं नाही. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्याला कारण लागतं हेच त्या विसरल्या होत्या.

डॉक्टरबाईंनी मग सांगितलं. शरीरात पाणी कमी झालं की मेंदूतून एक रस रक्तात येतो, तो मूत्रपिंडांना सांगतो, पाणी जपा. मग नळ्या जास्तीत जास्त पाणी परत ओढतात. लघवी होते थोडीच, गडद पिवळी, दाट. अशी थोडी लघवी दिवसभर पिशवीत तशीच पडून राहते. बाईचा मूत्रमार्ग अवघा चार बोटंही लांब नसतो, पुरुषाच्या मानाने फारच आखूड, त्यामुळे बाहेरचे जंतू आत यायला वेळ लागत नाही. एरवी वेळच्या वेळी लघवी झाली की ते धुऊन निघतात. इथं धुणार कोण? जंतू वाढले, पिशवीला सूज आली. अशा वेळी सारखी लागल्यासारखं होतं, जळजळतं, बाई दवाखाना गाठते.

“पण तो निरोप तर कुलपाने अडवला,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पिशवी ओरडत होती आणि हिला काही ऐकू येत नव्हतं. पट्टी लाल व्हायला अर्धा लिटर भरावं लागतं. पाणीच नाही तर ते भरणार कधी? जंतू नळीतून वर चढत मूत्रपिंडात गेले. यंत्र बनवणाऱ्यांनी ते तपासलं पुण्या-मुंबईच्या ऑफिसातल्या बायकांवर. त्या टेबलावर बाटली ठेवतात आणि पाणी पितात. पाणी न पिणारी बाई असते, हे त्यांना माहीतच नव्हतं.”

याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. संजीवनी आत गेली. छाया खाटेवर निजली होती, तोंड सुकलेलं. तिला बघून संजीवनीला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

“ताई,” छाया पुटपुटली, “पट्टी हिरवीच होती हो. रोज बगत होते मी.”

“माहीत हाय मला. गप पड आता.”

दुसऱ्या दिवशी संजीवनी डेपो मॅनेजर टेकाळे यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. टेकाळे माणूस वाईट नव्हता. त्याची अडचण एवढीच की त्याच्यासमोर पडदा होता आणि पडद्यावर आलेख होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं ते आवडतं वाहन.

“बिराजदारबाई, मस्केबाईंचं ऐकून वाईट वाटलं. पण मुतारीचा विषय आता बंद करा. हे बघा.” त्याने पडदा तिच्याकडे वळवला. “डेपोतल्या सगळ्या बायकांच्या पट्ट्या. ही सहा महिन्यांची नोंद. ड्युटीवर पट्टी लाल किती वेळा झाली? जवळजवळ नाहीच. म्हणजे काय? वाटेत गरज पडतच नाही.”

“साहेब, आम्ही पाणी पीत न्हाई म्हणून ती लाल होत न्हाई.”

“मग प्या ना. कुणी अडवलंय?”

“प्यायलो तर जायचं कुठं?”

“त्याची सोय करता येईल की. पण त्यासाठी गरज दिसायला पाहिजे. आलेखात.”

“पर गरज दिसायला पाणी प्यावं लागंल.”

“बरोबर.”

“अन् पाणी प्यायला जागा लागंल.”

“तेही बरोबर,” टेकाळे म्हणाला, आणि त्याने इतक्या सहानुभूतीने मान हलवली की संजीवनीला टेबल उचलून फेकावंसं वाटलं. इतकी वर्षं अधिकारी तिला म्हणायचे, बघू, करू, पाठवलंय. त्या भिजत्या घोंगड्याशी निदान भांडता तरी यायचं. आता तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला तिच्याच बायकांची शरीरं उभी होती.

जाता जाता तिने विचारलं, “अन् पट्टी लाल झालीच तर? गाडी थांबवायची मुभा हाय न्हवं?”

“अर्थात. नियमच आहे तसा. लाल पट्टी, सुरक्षित जागा पाहून थांबा. कुणी अडवणार नाही.” तो हसला. “पण होत नाही ना लाल.”

संजीवनी जिना उतरली ती डोक्यात एक गोष्ट घेऊन. पाणी प्यायचं. सगळ्यांनी, एकाच दिवशी. प्रत्येक गाडीची पट्टी लाल होईल, प्रत्येक विनाथांबा गाडी वाटेत थांबेल, आणि टेकाळ्याच्या पडद्यावर अशी गरज उमटेल की त्याला डोळे मिटून घ्यावे लागतील. मोर्चा नको, घोषणा नकोत. नियमात राहून फक्त पाणी प्यायचं. त्याहून सोपं आंदोलन जगात झालं नसेल.

सोपं? पालथ्या घड्यावर पाणी. हे तिला पुढच्या आठवड्यात कळलं.

तिने बायकांना गोळा केलं, छायाचं सगळं सांगितलं. बायका हळहळल्या. प्यायलाच पाहिजे, म्हणाल्या. सकाळी तिने स्वतः माठ भरून फलाटावर ठेवला आणि प्रत्येकीच्या हातात तांब्या दिला. एक म्हणाली, पोटात डचमळतं, गाडी चालवता येत नाही. दुसरीने तोंडात घेऊन मागे जाऊन चूळ टाकली. तिसरीने तांब्या घेतला, हसली, आणि डेपोतल्या तुळशीला घातला. चौथीला विचारलं तर ती खरं बोलली. “ताई, घशाखाली उतरतच न्हाई बगा. ड्युटीचे कपडे घातले की घसाच मिटतो.”

“मरायचंय का सगळ्यांनी त्या छायासारखं?” संजीवनी खेकसली.

“न्हाई हो. पिऊ की. सोमवारी नक्की पिऊ.”

सोमवार ठरला. रविवारी प्रत्येकीला तिने फोन केला. प्रत्येकीने होकार दिला. आणि सोमवारी सकाळी स्वतः तांब्या उचलला तेव्हा तिचाही हात थांबला. तोंडापर्यंत पाणी आलं आणि कानात आईचा आवाज आला, लांब जायचंय. तिला स्वतःचाच संताप आला. नेत्या बाई, आणि स्वतःच्या घशापुढे चालेना. तिने डोळे मिटले आणि औषध प्यावं तसं तीन तांबे पाणी एकामागून एक पोटात ढकललं. पोट टम्म झालं, मळमळलं. तशीच गाडीत बसली.

गाडी भरलेली होती. कुणी लग्नाला निघालेलं, कुणी दवाखान्याला, मागे कॉलेजच्या मुलींचा एक घोळका. लातूर सुटलं. संजीवनी एक डोळा रस्त्यावर आणि एक मनगटावर ठेवून चालली होती. समोरच्या नकाशावर डेपोच्या सगळ्या गाड्या हिरव्या ठिपक्यांनी सरकत होत्या. ती वाट बघत होती की एखादा ठिपका थांबेल. अंबाजोगाई आली, गेली. केज गेलं. सगळे ठिपके आपले सरकतायत. कुणी थांबलं नाही. एकीनेही पाणी प्यायलं नव्हतं. तिला ते आधीच माहीत होतं, असं तिला त्या क्षणी कळलं.

केजच्या बरंच पुढे पट्टी थरथरली आणि लाल झाली. त्याच वेळी ओटीपोटात ती जुनी, विसरलेली टोचणी उठली, पण अशा जोराने की स्टिअरिंग क्षणभर हलल्यासारखं वाटलं. डावीकडे पुरुषभर उंचीची तुरीची रानं होती. तिने दिवा लावला, गाडी बाजूला घेतली, दार उघडलं.

“काय झालं? पंक्चर का?” पहिल्या रांगेतला एक जण ओरडला.

“न्हाई. मला लघवीला जायचंय,” संजीवनी म्हणाली. इतक्या मोठ्याने तिने हे वाक्य आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. एक-दोन पुरुष ओशाळून खिडकीबाहेर बघायला लागले, एक जण पुटपुटला की विनाथांबाचे पैसे घेतात आणि हे असले धंदे करतात.

ती तुरीत शिरली आणि परत आली. मनगटावरची पट्टी हिरवी झाली होती. चेहरा मात्र रडवेला. एकटीने थांबून काय होणार? टेकाळ्याच्या आलेखात एक बारीक लाल टिंब. तेही तो चूक समजून पुसून टाकेल. तिने पायरीवर पाय ठेवला, तोच दारातून एक म्हातारी नऊवारी सावरत खाली उतरायला लागली.

“हात दे गं बाई,” ती म्हणाली. “लातूरपासनं धरून बसलेय.”

संजीवनीने हात दिला. म्हातारीच्या मागे लग्नाला निघालेली एक जरीच्या साडीतली बाई. तिच्या मागे तिची नणंद, मग एक सलवारकमीज घातलेली शिक्षिका, कडेवर लहान मुलगी घेतलेली एक आई. कॉलेजच्या मुलींनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग ओढण्या काढून हातात घेतल्या आणि तुरीच्या कडेला आडोसा धरून उभ्या राहिल्या. दाराशी बायकांची रांग लागली. यांच्या अंगात कुलूप नव्हतं. या सगळ्या रोज, कुठल्याही यंत्राशिवाय, पाटी वाचून गप्प बसत आल्या होत्या. संजीवनी दाराला धरून उभी राहिली आणि तिला घळाघळा रडू आलं.

गाडीतल्या स्पीकरवर पुण्याच्या नियंत्रण कक्षातला एक तरुण आवाज आला.

“मॅडम, तुमचा थांबा नोंदवलाय. पट्टी हिरवी झालेली दिसतेय. म्हणजे काम झालंय ना?”

“माझं झालं.”

“मग गाडी उभी का आहे? तुम्ही निघू शकता.”

संजीवनीने डोळे पुसले आणि दाराकडे पाहिलं.

“मॅडम? किती वेळ लागेल?”

“ते मला न्हाई सांगता येत,” ती म्हणाली. “अजून बायका उतरायल्यात.”